झाडवण

हळदीला यंदा भाव आलाय.
यार्डातल्या पडद्यावर आकडा चढतो,
टपरीवाला कटिंग मागितला तरी फुल ओततो.
पेपरात छापून आलंय, जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं.
कुणाचं, ते बारीक टायपातही नाही.

मी गाळा नंबर चौऱ्याऐंशीचा दिवाणजी, सांगली.
सौदा संपला की पोती शिवतात,
ट्रक मिरजेच्या रस्त्याला लागतात
आणि मागं फरशीवर उरतं ते
कुठल्याच वहीत नसतं :
हळकुंडांची मोडकी बोटं, कणी, माती, सुतळीचे तुकडे.
ते मालन ऐवळेचं.
झाडायचं, आणि झाडलेलं न्यायचं.
वीस वर्षं हाच करार,
कागद नाही, अंगठा नाही.

तिची कणी कोपऱ्यावरचा चक्कीवाला घ्यायचा.
पिशवी हातानं उचलून बघायचा :
"असेल चार किलो."
त्याच्या हातात सगळं हलकंच भरायचं.

परवा ती पोतं घेऊन थेट काट्यापाशी आली.
चाळलेली, पाखडलेली, दोन उन्हं दाखवलेली कणी.
म्हणाली, "दिवाणजी, लॉट पाडा."

व्यापारी हसले.
एकजण म्हणाला, उद्या केरसुणीचाही सौदा काढा.
मी हसलो का? आठवत नाही.
म्हणजे हसलो असणार.

काटा हसला नाही.
अकरा किलो सहाशे.

संगणकानं विचारलं, शेतकऱ्याचं नाव. गाव. गट नंबर.
नाव होतं.
गाव, रेल्वे पुलाखालची वस्ती.
गट नंबरापाशी चौकोन लाल झाला, पुढं सरकेना.
तिच्या वाट्याची जमीन म्हणजे
तीस गाळ्यांची फरशी, रोज दोनदा.
मी आमच्या गाळ्याचाच आकडा टाकला, चौऱ्याऐंशी.
यंत्रानं मुकाट घेतला.

सौदा झाला. कणीचा भाव, पण भाव.
पट्टी छापून आली.
तिनं ती माझ्याकडून वाचून घेतली नाही,
स्वतः वाचली, बोट ठेवत, ओठ हलवत :
हमाली.
तोलाई.
झाडवण, दोन रुपये.

"हे कुणाला जातं?"

पंख्याचा आवाज तेवढा.
पोत्यामागं दोन रुपये, हंगामाला हजारो पोती,
वीस हंगाम,
कुठल्यातरी खात्यावर नीट जमा,
आणि ते खातं कुणाचं
हे माझ्याच अक्षरात सापडलं असतं.
मी चष्मा पुसू लागलो.

तिनं पट्टीची घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली
आणि घरी गेली.
फरशी तशीच राहिली त्या दिवशी,
पिवळी,
त्यात आमच्या सगळ्यांच्या चपलांचे ठसे
दारापासून गल्ल्यापर्यंत.

आज सकाळी काट्यापुढं नऊ बायका.
नऊ पोती, एकही भरलेलं नाही.
शेवटी मुल्लाणींची रेहाना,
मिरचीच्या गाळ्यातली, शिंकत उभी.
मालन माझ्याकडं बघत नाही,
आकड्याकडं बघते.

चौकोन पुन्हा लाल झालाय.
मी त्यावर बोट धरून बसलोय.