एकोणशंभर

टेबलावर तीन गणितं.
एक कोल्हापूरच्या बहिणीनं एस्टीच्या कंडक्टरकडं दिलेलं,
एक सरकारी, कन्नड, कव्हरावर फुलपाखरू,
आणि एक कुरिअरनं आलेलं इंग्रजी, गुळगुळीत,
ज्यातली सफरचंदं इतकी सारखी
की मोजायची इच्छाच होत नाही.

भरमूचं म्हणणं, कुठलंही घे,
दोन नि दोन काय कडोलीत पाच होतात?
तो उद्यमबागेत फौंड्रीत.
त्याच्याकडं चुकलेला तुकडा परत भट्टीत जातो,
कुणी काही बोलत नाही.
माझं तसं नव्हतं.
चौथीपर्यंत मी मराठीत बेरजा केल्या,
पाचवीत एका सोमवारी फळा बदलला.
आकडे तेच होते,
त्यांना हाक मारायला जीभ नव्हती.
हातचा घ्यायचा तो कुठून, कुणाच्या हातचा,
हे मी अजून बोटांवर बघते.

म्हणून घरी शिकवायचं ठरवलं.
सासूबाई चुलीकडून विचारतात,
"पोरीला घरात ठेवून काय करुलिस गं?"
मोजायला शिकवुलो, म्हटलं.

सातेरी सात वर्षांची.
अठ्ठावीसपर्यंत उधळत येते
आणि बांधाशी थांबते.
"एकोणतीस म्हणजे?"
तिसाला एक कमी.
"पण तीस अजून आलेच नाहीत.
जे आलं नाही त्यातनं कमी कसं करायचं?"

कोल्हापूरचं पुस्तक सांगतं, वीस नऊ म्हणा.
"वीस नऊ?" सासूबाई हसतात,
"हा काय ट्रकचा नंबर?"

शेजारचे हुक्केरी मास्तर
कुंपणापलीकडून, शेवग्याच्या शेंगा तोडता तोडता,
"इप्पत्तोंबत्तु. बघ बाळ,
आधी वीस, मग नऊ. सरळ रस्ता."
सातेरीला पटलं. मलाही,
आणि जरा लागलंही.
मग मास्तर शेंगा हातात धरून थांबले.
"खरं, ओंबत्तु म्हंजे पण,
जुनी माणसं सांगायची,
दहाला एक कमीच."

म्हणजे उणा एक त्यांच्याकडंही होता,
नवाच्या पोटात लपून,
इतका जुना की कुणाला टोचत नाही.

गुरुवारी दिराचा टेम्पो आला, रताळ्याची पोती.
चिठ्ठीवर तीस.
धाकट्या मल्लूनं चिठ्ठीचा कोपरा चावला होता
पण आकडा शाबूत.
सातेरी पोत्यांवर थाप मारत गेली,
शेवटच्या पोत्याशी मागं वळली
आणि मोठ्यानं ओरडली, "एकोणतीस!
काका, एक यायचंय!"

दीर टेम्पोखाली, सीटमागं शोधत राहिला.
मी मात्र तिच्याकडं बघत होते.
तीस आधीच येऊन चिठ्ठीत बसले होते,
म्हणून कमी काढता आलं.
हे कुठल्या धड्यात असतं?
मी तिन्ही पुस्तकं चाळली त्या रात्री.
एकात नाण्यांची चित्रं होती,
एकात रेघेवर उड्या मारणारा बेडूक.

सातेरीनं शंभरापर्यंत लिहून आणलं, अक्षरांत.
अठ्ठ्याण्णव.
त्याच्याखाली, ठाम, एकोणशंभर.

लाल पेनाचं टोपण काढलं होतं मी.
तिचं बरोबर आहे. तिनं नियम पाळला.
भाषेनंच मोडलाय तो,
शंभराच्या दारात ती कुणाचं उणं काढत नाही,
नव्व्याण्णव म्हणते, उजळ माथ्यानं.
पण सात वर्षांच्या पोरीला हे
आज सांगू, की पाचवीत?

कुरिअर परत पाठवायची मुदत सोमवारी संपते.
पोतं अजून सापडलेलं नाही.