रोजंदारीवरचा शत्रू

शत्रू व्हायचे मला दिवसाला दोनशे दहा डॉलर मिळतात.
जेवणाचा डबा आपला आपण आणायचा.
पाणी लष्कराचं.

युमाच्या वाळवंटात उजाडायच्या आतच
कंपन्यांचे तंबू उभे राहतात, जत्रेत राहावेत तसे.
एकाकडे जाळं फेकणारी बंदूक.
एकाकडे नुसती पेटी, तिला सोळा कान.
एकाकडे ट्रकवर चढवलेला प्रकाशाचा भाला,
जो भर उन्हात दिसतच नाही;
आहे, यावर विश्वास ठेवावा लागतो.
टोप्या फुकट, पेनं फुकट.
किंमत मात्र कुणी मोठ्यानं सांगत नाही.

मी टेकडीआड, पत्र्याच्या सावलीत.
पुढ्यात बारा ड्रोन, खेळण्यांच्या दुकानातून आणलेले,
पोटाला लाल चिकटपट्टी:
तिला बॉम्ब समजायचं.
सार्जंट ट्रेडवे रेडिओवर म्हणतो, "शत्रू, निघा."
मी निघते.

परवा वारा फिरला आणि जाळं
ज्याचं त्याच्याच तंबूवर येऊन बसलं.
विक्रेता सगळ्यांच्या आधी हसला.
शिकवलेलं असणार.

माझे आजोबा सोनोरात ज्वारीच्या राखणीला
गोफण घेऊन माळ्यावर उभे राहत.
त्यांच्या हातून एकही पाखरू मेलं नाही म्हणे,
नुसता दोरीचा सूंऽऽ आवाज,
की सगळा थवा शेजारच्याच्या शेतात.
ट्रेडवेला हे सांगितलं.
तो म्हणाला, इथे आवाजाला गुण नाहीत.

काल दुपारी बाराही संपले.
शेवटचा फेरा बाकी, म्हणून गाडीतून माझाच आणला,
एका पायाला दोरा गुंडाळलेला, जुना,
ज्यानं मी कंपनीसाठी लेट्यूसच्या ओळी मोजायचे
आणि रविवारी आन्सेल्मोला
आमचं छप्पर वरून दाखवायचे.
त्याला लाल पट्टी लावताना
हात जरा अडखळला, एवढंच.

सोळा कानांची पेटी घाईनं सुरू झाली.
माझ्या ड्रोनला अजून आभाळातले उपग्रह सापडले नव्हते,
तरी तो उठला. वर गेला.
आणि मग माझा राहिला नाही.

क्षणभर हवेत थांबला,
नाव आठवत नसलेल्या माणसासारखा.
मग नाक वळवलं नैऋत्येला.
पडद्यावर नारिंगी अक्षरं: घरी परत.
मग पडदाही काळा.

त्याच्या लेखी घर म्हणजे गेल्या रविवारची जागा,
सॉमरटनमधलं माझं अंगण,
लिंबाचं झाड आणि कपड्यांची दोरी यांच्या मधलं.
त्रेचाळीस मैल.
बॅटरी अकरा मिनिटं.
हा हिशोब त्याला कुणी घातला नव्हता.

गुणपत्रकात लिहिलं गेलं:
लक्ष्य परतवलं. यशस्वी.
टाळ्या झाल्या, हातमोजे घातलेल्या हातांच्या.
पेटीवाल्यांचा एक पोरगा, लिंडक्विस्ट,
तेवढा हळूच म्हणाला, "परतवलं, पण कुठे?"
त्याला कुणीतरी पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळी तो मला डोम व्हॅलीत सापडला,
कालव्याच्या कडेला, लेट्यूसच्या शेतात.
मुकादमीण रेफुहिओनं त्याला
आपल्या टोपीत घालून सावलीला ठेवलं होतं.
"वरून पडलं," ती म्हणाली, "पंख मोडला नाही बघ."
मग पट्टीवर बोट ठेवून: "हे काय?"
मी म्हटलं, खूण आहे.
कसली, ते तिनं विचारलं नाही.
तिच्या मजुरांची बस सुटायची होती.

रात्री स्वयंपाकघरात त्याची पट्टी सोलली.
गोंद राहिला. गोंद निघत नाही.

आज सकाळी नवा नियम आलाय, एका ओळीचा:
शत्रूच्या यंत्रांत घराची नोंद असू नये.
खाली तारीख, खाली माझ्या नावाची जागा.
फुकटातलं पेन खिशात होतंच.
मी सही केली,
आणि तेरावा डबा उघडला.