पाण्याला शिवलास की मेलास

बार्न्सलीत, मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर
आमची खोली होती. एक्क्याण्णव साल.
पडद्यांना, फायलींना, माझ्या केसांना तेलाचा वास;
घरी गेले की मांजर आधी माझे हात चाटायचं.

तिथे चौकटीच्या वहीत मी तुला काढलं, डॅबल,
चोवीस घरं उंच, चोवीस घरं रुंद,
तीन तपकिरी, एक काळा,
आणि डोळ्यातली चमक म्हणून पांढरा एकच ठिपका.
तो एक घर डावीकडे सरकला की तू बावळट दिसायचास,
उजवीकडे सरकला की लबाड.
एक अख्खा मंगळवार त्या ठिपक्यात गेला.

मालक क्लिफर्ड म्हणाला, याला जरा मिजास हवी.
मग लाल हातमोजे आले.
मग गॉगल आला, आणि ठिपका त्याच्या काचेमागे गेला.
माझा मंगळवारही.

धावण्याची सहा चित्रं, उडीची तीन,
उभ्या उभ्या कंटाळून पाय आपटण्याची दोन.
पोहण्याची आठ मी आधीच काढून ठेवली होती.
टेरेन्सने ती पाहिली,
चहाचा कप वहीवरच टेकवला, म्हणाला,
"नोरीन, जागा नाही गं. कार्ट्रिजमध्ये आता
तीळसुद्धा मावायचा नाही.
पाण्याला शिवला की मेला. सोपं आहे."

म्हणून तू, पाणमांजर असून,
पाण्याला शिवलास की मरायचास.
हात वर, तोंडाचा चंबू, खाली घसरत जाणारा एक सूर,
तीनातला एक जीव वजा.
धबधब्याच्या कडेने, ओंडक्यांवरून
सात पातळ्या तू कोरडाच पळालास
चांदीचे मासे गोळा करत.
ते मासेही हवेत टांगलेले.

ड्यूजबरीहून एका मुलीचं पत्र आलं, पेन्सिलीने:
माझ्या पुस्तकात लिहिलंय पाणमांजरं पोहतात.
तुमचं आजारी आहे का?
आम्ही हसलो. क्लिफर्डने तिला स्टिकर पाठवला.
पत्र माझ्या खणात राहिलं, आठ चित्रांच्या वर.

पण आमच्यातल्या कुणी तोवर
पाणमांजर पाहिलं होतं कुठे?
गावाखालून डर्न नदी वाहायची
खाणींचं पाणी पिऊन गंजाच्या रंगाची;
तिच्यात काही जगत नाही, हे पोरासोरांना पाठ.
पाळी संपवून येताना वडील पुलावरून थुंकायचे,
मला म्हणायचे, हिला शिवलीस की मेलीस.
टेरेन्सचा नियम काही नवा नव्हता.

मग खाणी मिटल्या. मग आमची खोली.
क्लिफर्डने खुर्च्या विकायला काढल्या,
माझी मीच घेतली, चार पौंडांना.
टेरेन्स मागच्या नोव्हेंबरात गेला.
त्याच्या दफनाला मागच्या रांगेतून कुणीतरी
तो घसरता सूर शिट्टीवर वाजवला.
निम्मे हसले. निम्म्यांना कळलंच नाही.

आणि या मार्चमध्ये, बंधाऱ्याच्या खाली,
कुत्र्याची दोरी मनगटाला, सकाळी साडेसहा,
ओलं, तपकिरी काहीतरी दगडावर आलं.
तपकिरी तीन नव्हते, मोजायला गेले तर तीसही पुरेनात.
हातमोजे नव्हते.
त्याने माझ्याकडे पाहिलं
(ठिपका अगदी जागच्या जागी)
आणि उडी नाही, काही नाही,
कुणी ओतावं तसं ते पाण्यात गेलं.

मी श्वास धरून थांबले,
खोटं कशाला सांगू, त्या सुरासाठी.

बुडबुड्यांची एक रेघ पलीकडच्या काठाला निघाली.
डोकं वर आलं. गेलं. आलं.
कुत्रा भुंकायचंही विसरला.

घरी येऊन वही काढली.
चहाच्या गोल डागाखाली आठही शाबूत.
पाय ठीक होते. मान चालून गेली असती.
शेपूट मात्र साफ चुकलं होतं,
मी ते वल्ह्यासारखं या बाजूला, त्या बाजूला हलवलं होतं.
तसं नसतं रे ते, डॅबल.
ते पार पाठीपासून सुरू होतं.