थांबा

शुक्रवारी अश्दोदहून भाच्याचा फोन येतो.
तिकडे अजून ऊन असतं,
इथे उमरखाडीत मी दिव्याच्या पेल्यात खोबरेल ओतत असते.
मावशी, तो म्हणतो, आजोबांच्या चालीत
सातव्या ओळीच्या मध्येच आपण थांबतो ना,
ते का?
इथले मोरोक्कोवाले विचारतात.
एक रोमानियाचा म्हातारा तर म्हणतो,
त्या जागी काही गूढ असणार,
उच्चारायचं नाही असं एखादं नाव.

थांब, मी म्हणते, वात सरळ करते.

हानोख आवासकर. पोर्ट ट्रस्टात पगारवाटप कारकून,
सूर्य कलला की हज्जान.
आवाज काळी दोनचा, पट्टी कुणी दिली नव्हती.
पुस्तकात हिब्रूच्या खाली पेन्सिलीनं देवनागरी,
आणि जिभेवर अष्टागराचं वळण,
ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून
गुलामअली पेटीवाल्याचं दुकान.
पत्र्याच्या ट्रंका. एका रिबिटाला तीन ठोके.
दिवेलागणीला त्याची शेवटची पेटी
आणि आमची सातवी ओळ
यांची हटकून गाठ पडायची.
पपांनी एकदा वरच्या पट्टीत गाऊन बघितलं.
खोकला झाला.
मग निरोप पाठवला.
गुलामअली आला, चपला काढून दारातच उभा राहिला,
हात काळे म्हणून मागे धरलेले.
साहब, रोजी है.
पपा म्हणाले, मार तू. मी थांबतो.
मला कुठे घाई आहे?

तेव्हापासून हा थांबा.
खाली पुरुष मान घालून मोजायचे,
वर माडीवर आम्ही, बांगडीवर नख आपटून.
दहांत आम्हाला धरत नसत.
तीनांत आम्ही होतो.

मग घरं निघाली.
आधी पेणकर, मग झिराडकर,
मग चेऊलकरांचे तिघे भाऊ एका महिन्यात.
ट्रंका गुलामअलीकडच्याच,
झाकणावर पांढऱ्या रंगात नाव तोच घालायचा,
एक अक्षर चुकवून.
पुष्कळदा असं झालं
की पपा ज्या ठोक्यांसाठी थांबले
ती पेटी पुढच्याच बाकावरच्या कुणाची होती.
ज्याची असेल तो वर बघायचा नाही.

तुझ्या आईची हिरवी होती.
तिनं त्यात मलिद्याची परात बसवून बघितली,
बसेना,
तेव्हा गुलामअलीनं पेटीची एक बाजू
आतून ठोकून फुगवून दिली. पैसे घेतले नाहीत.
अजून आहे का रे ती तुमच्याकडे?

आहे, तो म्हणतो. गच्चीवर. तिच्यात कढीपत्ता लावलाय.

इथलं सांगायचं तर
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
मऊ असतात, आवाज करत नाहीत.
गेल्या शुक्रवारी नऊच जण जमले.
दहावा पिन्हास, तो मुंब्र्याजवळ अडकला,
आला तेव्हा सगळ्यांनी घड्याळाकडे नाही,
त्याच्या बुटांकडे बघितलं.
प्रार्थना चालवायला ठाण्याहून शिमशोन येतो,
अजून मिशी नीट फुटलेली नाही.
पपांना त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही.
चाल शिकला तुमच्या अश्दोदच्या रेकॉर्डिंगवरून.
सातव्या ओळीत तोही थांबतो,
नेमका तेवढाच,
आणि गल्लीत त्या वेळी कुणी काही ठोकत नसतं.
मी माडीवर एकटी. नख बांगडीवर जातंच.

तर गूढ वगैरे काही नाही, बाळा.
रिबीट आहे.
सांग त्या म्हाताऱ्याला. नाहीतर नको सांगूस.

पलीकडे तो बराच वेळ गप्प.
मग टेबलावर बोटाचं हाड:
ठण, ठण, ठण.

नाही, मी म्हणते, तिसरा जरा उशिरा.
पत्रा फिरवून घ्यायला वेळ लागायचा.