अंथरूण पाहून

वाशीच्या सतरा सेक्टरमधल्या दुकानात
पिशवी चारशे ऐंशीची.
आत काय, तर कागदाचा लगदा, वाळवून फुलवलेला.
दुकानदार म्हणाला, परदेशी आहे मॅडम, वासच येत नाही.
मी हुंगून पाहिलं. खरंच येत नव्हता.
पिशवी परत फळीवर ठेवली.

प्राणी आमचा मुठीएवढा.
नाव खजिनदार, शाल्मलीनं ठेवलेलं,
कारण दिलेलं सगळं तो गालात भरतो
आणि कोपऱ्यात नेऊन पुरतो, हिशेब न देता.
तो आला दोनशेला.
त्याची गादी त्याच्या दुप्पट, वर ऐंशी.
घणसोली येईपर्यंत बसमध्ये
हे गणित मी तीनदा करून पाहिलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण याचे पाय तुरीच्या डाळीएवढे
आणि अंथरूणच पसरत चाललेलं.

मग प्रयोग.
आधी रद्दी पेपर. दोन दिवसांत पोट करडं,
बाजारभावाचं अख्खं पान पांढऱ्या केसांना लागलं.
मग रबाळ्यात, खोकी ठोकणाऱ्या अन्सारीभाईंकडे
भुसा मागायला गेले.
"चुलीला?"
"नाही, हॅमस्टरला."
"म्हणजे?"
"उंदीर. पण पाळलेला."
त्यांनी रंधा खाली ठेवला.
उंदरांनी वर्षानुवर्षं ज्याची पोती कुरतडली
तो माणूस थोडा वेळ नुसता बघत राहिला.
मग म्हणाला, प्लायचा नेऊ नका, त्यात गोंद असतो,
हे छिलके न्या, चाळून.
पैसे घेतले नाहीत.
पण खजिनदार शिंकला, रात्रभर,
काडेपेटी उघडावी तेवढाच आवाज,
आणि प्रत्येक शिंकेला शाल्मली उठून बसली.

जुना टी-शर्ट: धागा पायात अडकला.

शेवटी कपाटातली फाइल काढली.
कोपरखैरणे, अकरा महिने.
ऐरोली, अकरा महिने.
पुन्हा कोपरखैरणे, दुसरी गल्ली, अकरा महिने.
घणसोली, मढवीकाकांचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, चालू.
चालू तेवढा बाजूला ठेवला.
बाकीच्यांच्या झेरॉक्स, प्रत्येकी तीन-तीन प्रती,
कशासाठी जपल्या होत्या कोण जाणे.
बोटानं घासून पाहिलं, शाई सुटत नव्हती.
फाडायला बसलो, बोटभर रुंद, लांब लांब.
शाल्मली वाचत वाचत फाडत होती.
"आई, भिंतीला खिळे ठोकणार नाही, म्हणजे?"
"म्हणजे तुझं ते माशाचं चित्र
आपण कणकेच्या खळीनं चिकटवलं होतं, ते."
"पाळीव प्राणी ठेवणार नाही, असंपण आहे."
"ते आधी फाड."

रविवारी पिंजरा धुवायचा.
पहिल्या खेपेला मी सगळंच काढलं, लख्ख केलं,
नव्या पट्ट्या गच्च भरल्या,
आणि तो पहाटेपर्यंत जाळी चढत-उतरत राहिला,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हुंगत,
गाल रिकामे.
ऐरोलीच्या पहिल्या रात्री शाल्मली
अंधारात भिंत चाचपत होती,
दिव्याचं बटण शोधत,
आधीच्या घरात होतं त्या उंचीवर.

तेव्हापासून ओला कोपरा तेवढा उचलते, मूठभर.
बाकीचं झटकून परत,
जुनं तळाशी, नवं वर.
त्यानं कागदही निम्माच लागतो,
हे वहीत लिहून ठेवलंय.

मार्चमध्ये मढवीकाका जिना चढून येतील,
दम खातील, पाणी मागतील,
विचारतील, वाढवायचा ना करार?
पिंजरा तेवढा वेळ मोरीत, वर बादली आडवी.

आत्ता तो अनामत रकमेच्या अर्ध्या ओळीत
स्वतःभोवती गोल होऊन झोपलाय.
पट्टीचं एक टोक कानावर.
दोन्ही गाल भरलेले.