जमिनीच्या फळ्या
साकातेकास, १९०५

राजधानीहून तार आली, अकरा शब्दांची.
डॉन एलिहिओने ती दोनदा वाचली,
मग सवयीने कागदाला टिचकी मारली,
कान लावला,
म्हणाला, खरी आहे.

मी टांकसाळीतला कारकून. यादी माझ्याकडे आली:
दाबयंत्रं तीन, त्यांतलं एक लंगडं,
मुशी एकोणचाळीस, तराजू सात,
ठसे जुने, नवे, फुटके,
सगळे पोत्यात, लाख लावून, मोहोर मारून.
डोंगर कुठल्या रकान्यात मांडायचा
हे कुणी कळवलं नव्हतं.

कारण सुरुवात डोंगरापासून होती.
पंच्याण्णव वर्षांपूर्वी लढाईनं वाटा तोडल्या.
खाणीतून चांदी निघतच राहिली
आणि राजधानीकडे गेलेली खेचरं
परत आलीच नाहीत.
तेव्हा इथल्याच कुणी लोहारानं चांदी घणाखाली घेतली.
राजाचा चेहरा त्याला पाठ नव्हता,
म्हणून खिडकीतून दिसला तो बुफाचा डोंगर कोरला,
माथ्यावर क्रूस, तोही जरा कलता.
अडीनडीला जन्मलेली लेकरं अशीच.
बापावर जात नाहीत, गावावर जातात.

मग बहिणी वाढल्या. दुरांगो, ग्वानाह्वातो, चिवावा,
आलामोस, वाहाका, कुलियाकान.
एकाच आईच्या, पण प्रत्येकीचं गोंदण वेगळं.
राजधानीच्या एमच्या डोक्यावर ओ,
पाण्याला निघालेल्या बाईच्या घागरीसारखा.
आमच्या झेडच्या खांद्यावर बारीकसा एस,
जत्रेत हरवू नये म्हणून उचलून घेतलेला.
गरुड तोच, साप तोच, निवडुंगही तोच,
तरी मिरच्या विकणारी आंधळी रेफुखिओ
कडेवर अंगठा फिरवून सांगायची,
हा ग्वानाह्वातोचा. हा आपला.
आपला म्हणे वाजल्यावर थोडा उशिरा गप्प होतो.

एक पेसो चीनपर्यंत जाऊन आला होता.
कॅन्टनच्या सराफांनी पारखून पारखून
इतके ठोके मारलेले
की गरुडाच्या तोंडावर देवीचे व्रण.
डॉन एलिहिओने तो तोलला. किंचित कमी भरला.
"प्रवासखर्च," म्हणाला,
आणि भिंग घेऊन त्या ठोक्यांच्या गर्दीत
आपल्या बापाची आद्याक्षरं शोधत बसला.
बापानं कस लावलेली चांदी होती ती.
एकच अक्षर सापडलं. तेवढ्यावर त्यानं दिवा मालवला.

एकेक बहीण मिटत गेली.
शेवटी आम्ही आणि कुलियाकान, दोघीच.

पण मला सांगायचंय ते फळ्यांचं.
शेवटच्या आठवड्यात हुकूम आला, जमीन उखडा.
ओतशाळेतल्या ओकच्या फळ्या, तेलानं काळ्या,
चार पिढ्यांच्या बुटांनी मध्ये खोलगट झालेल्या.
अंगणात रचल्या. पेटवल्या.
दोन दिवस धूर गावभर हिंडला,
लोक खोकत खोकत टांकसाळीचा निरोप घेत होते.

मग राख चाळायला क्रेसेन्सिया बसली.
एकतीस वर्षं केर तिनंच चाळला होता.
संध्याकाळी बाहेर पडण्याआधी
दाराजवळच्या हौदात तिला केस धुवावे लागत,
न जाणो, वेणीत चांदी घरी जाईल.
आता तिनं चाळणी हलवली, मुशीत राख गेली,
आणि तळाशी जमली ती भरली पावणेसहा किलो.
कुणी खणलेली नव्हती, कुणी चोरलेली नव्हती.
डॉन एलिहिओने शेवटचा कस लावला. बावनकशी म्हणवत नाही,
पण आमच्या पेसोहून काही वाईट नव्हती.

यादीत रकाना होता: आवक कोठून.
मी बराच वेळ टाक धरून बसलो. मग लिहिलं,
पायांखालून.

तेओदुलोची खेचरं स्टेशनकडे उतरली.
क्रेसेन्सियानं सवयीनं हौदात केस धुतले.
पाणी गाळून ठेवायला कुणी उरलं नव्हतं.
तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
बादली उचलली,
आणि रस्त्यात ओतली.