मुठीतला गंज

विळी घेऊन गेलो होतो, निमित्ताला.
भद्रकालीत दस्तगीर शिकलगाराकडे
ऐन छाटणीच्या दिवसांत कात्र्यांचा ढीग,
दिंडोरी, निफाड, वणी, चिठ्ठ्या बांधलेल्या.
चाक थांबवून त्यानं माझा फोन घेतला,
दोन काळ्या बोटांनी फोटो मोठा केला.

तलवार जपानी. देवळाली कॅम्पात, बेंडकुळ्यांच्या घरी.
सुभेदारांनी ब्रह्मदेशातून आणलेली,
ट्रंकेत, घोंगडीत गुंडाळून.
नातू म्हणतो चारशे वर्षांची. म्हणतो सरदाराची.
किंमत सांगताना मात्र खिडकीबाहेर बघतो.

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
कागद उजेडाकडे धरला की खोटं कळतं मला.
लोखंड कुठल्या उजेडाकडे धरायचं?

"मूठ उतरवली?"
नाही.
"मग कपडेच बघून आलास."

बांबूची खुंटी असते म्हणाला, बोरूएवढी.
ती हलकेच ठोक, मूठ सुटेल.
आत लोखंड असतं, कोणी कधी न पुसलेलं.
गंज खजुरासारखा हवा, काळपट, मुरलेला.
तांबडा असला तर कालचा.
नाव कोरलेलं असेल, त्यावर जाऊ नको.
भांडीबाजारात चल, तांब्यावर घालतात तसं
तुझंही घालून देतील.
नावाच्या खाचेत गंज उतरलाय का, ते बघ.
धारेलगत धुक्याची रेघ दिसेल,
तीही अ‍ॅसिडनं काढता येते.
मीच दिलीय एकाला काढून.

आणि हे ठिपके?
हळदकुंकू, मी म्हणालो. दर दसऱ्याला
सुभेदारीणबाई पूजा करायच्या, मग सून.
दस्तगीर हसला, पहिल्यांदाच.
"तिकडच्या लोहारानं माती फासून पाणी दिलं,
इकडच्या बायांनी कुंकू लावून खड्डे पाडले.
हा गंज मात्र खरा. याचे पैसे दे."

घासून देशील?

त्यानं फोन पालथा ठेवला.
"इथं आणूच नको. माझे हात ऐकायचे नाहीत.
आजा गेला तेव्हापासून तलवार आली नाही दुकानात.
एक दिवस दे, आरसा करीन,
आणि तुझी चारशे वर्षं
या बादलीतून मोरीला जातील."

विळीचे तीस रुपये घेतले.
सल्ल्याचं विचारलं तर चाक सुरू केलं.

घरी पहिला टोमॅटो पात्यावर नुसता टेकवला,
आपल्याच वजनानं त्याचे दोन झाले.
हिनं विचारलं, काय ठरलं?
बेंडकुळ्यांचा नंबर काढून बसलोय.
बोटाला चिंधी आहे, आकडे नीट दाबता येत नाहीत.